पोळ्या करणाऱ्या मावशी एचआयव्ही पॉझिटिव्ह आहेत असं कळलं. घरात नक्की कशाची काळजी घ्यायची?

कडीपत्ता (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. गावाचं नाव लिहीत नाही, समजून घ्या.

आमच्याकडे पोळी-भाजीला येणाऱ्या मावशी बरीच वर्षं येतात. हात स्वच्छ, वेळेच्या पक्क्या, उगाच खाडे नाहीत. माझ्या चार वर्षांच्या मुलाला त्यांच्याच हातची तूप-साखरेची गुंडाळी लागते, मी केलेली चालत नाही. मध्यंतरी नवऱ्याचा चुलतभाऊ जेवायला आला होता. तो एका हॉस्पिटलच्या औषध विभागात आहे. मावशींना बघून गप्प बसला आणि त्या गेल्यावर म्हणाला, "या आमच्याकडे एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीच्या, गोळ्या न्यायला येतात."

तेव्हापासून घरातलं वातावरण बिघडलंय. सासूबाई परात दोनदा घासतात, दुसऱ्यांदा डेटॉल घालून. पोळीला वास येतो म्हटलं तर म्हणतात, येऊ दे. नवरा म्हणतो, मुलगा लहान आहे, विषाची परीक्षा कशाला. दोघंही शिकलेले आहेत. "शिवून होत नाही" हे मलाही माहीत आहे, शाळेत वाचलंय. पण नेमक्या प्रश्नांपाशी येऊन मी पण अडखळते. ते असे: थंडीत मावशींच्या बोटांना भेगा पडतात, त्याच हातांनी कणीक मळली जाते. भाजी चिरताना बोट कापलं तर? आमचंच संडास-बाथरूम वापरतात. मुलाचा पापा घेतात. आणि हो, आमच्याकडे डास भरपूर.

माणुसकीचे सल्ले नकोत. माणुसकी आहे म्हणूनच इथे विचारतेय, नाहीतर एव्हाना दुसरी बाई लावली असती. जे काय असेल ते नीट समजावून सांगा.

---

फुकटचा सल्ला

पोळ्यांचं मशीन घ्या. मशीनला काही होत नाही. ;)

---

दवाखाना बंद आहे

वरच्या प्रतिसादाकडे दुर्लक्ष करून लिहितो. मी फिजिशियन आहे, सांगली-मिरजेकडे बरीच वर्षं प्रॅक्टिस झाली, एचआयव्हीचे पेशंट खूप पाहिले.

हा विषाणू पसरायला माणसाच्या शरीरातले ठरावीक द्रव लागतात: रक्त, वीर्य, योनीतला आणि गुदद्वारातला स्राव, आईचं दूध. त्यातलं एखादं पुरेशा प्रमाणात समोरच्याच्या रक्तात किंवा आतल्या नाजूक अस्तरापर्यंत पोचावं लागतं. म्हणून मार्ग मोजकेच. असुरक्षित शरीरसंबंध, दूषित सुई किंवा रक्त, आणि आईकडून बाळाला गरोदरपणात, बाळंतपणात किंवा अंगावर पाजताना. घाम, अश्रू, थुंकी, लघवी यांतून होत नाही. लाळेत तर विषाणूला निकामी करणारे घटकच असतात, त्यामुळे पाप्यानं काही होत नाही.

भेगा: कोरड्या भेगेतून रक्त येत नाही. समजा आलं, तर ते कणकेत मिसळलं, हवेत आलं, मग तव्यावर भाजलं गेलं. हा विषाणू शरीराबाहेर फार नाजूक असतो. वाळला की झपाट्यानं निकामी होतो आणि उष्णता त्याला सोसत नाही. तापलेल्या तव्यावरून जिवंत उतरणं त्याला शक्य नाही. आणि तुम्ही ती पोळी गिळता, शिरेत टोचून घेत नाही.

बोट कापलं तर: बोट वाहत्या पाण्याखाली धरायचं, साबण लावायचा, पट्टी बांधायची, रक्त लागलेली भाजी टाकून द्यायची. तुमचं कापलं तरी हेच करता ना? वेगळं काही नाही.

संडास-बाथरूम: काही नाही. यावर एक ओळसुद्धा जास्त लिहीत नाही.

डास: डास चावताना स्वतःची लाळ आत सोडतो, आधीच्या माणसाचं रक्त नाही. मलेरियाचा जंतू डासाच्या शरीरात वाढतो आणि त्याच्या लाळेपर्यंत पोचतो. एचआयव्ही तिथे वाढतच नाही, पचून जातो. १९८५ च्या सुमारास अमेरिकेत फ्लोरिडातल्या बेल ग्लेड नावाच्या गावात एड्सचे बरेच रुग्ण निघाले आणि डासांनी पसरवला म्हणून बोभाटा झाला. सरकारी तपास झाला तेव्हा लहान मुलं आणि म्हातारी माणसं, म्हणजे डास ज्यांना सोडत नाहीत अशी मंडळी, मोकळी निघाली. लागण होती ती नेहमीच्याच मार्गांनी झालेली.

आता तुमच्या नवऱ्याला एक अभ्यास सांगा. १९८६ साली न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या डॉक्टरांनी एड्सच्या रुग्णांबरोबर एका घरात राहणारी १०१ माणसं तपासली. एकच बाथरूम, तीच ताटं, तेच पेले. काही जणांचं अंथरूण एक, मिठ्या-पापे चालू, काहींनी तर रेझर आणि टूथब्रशसुद्धा एकमेकांचे वापरलेले. त्या सगळ्यांत लागण निघाली एका लहान मुलात, आणि त्यालाही ती जन्माच्या वेळीच आईकडून आलेली होती. हे १९८६ चं आहे. एचआयव्हीवरचं पहिलं औषध मंजूर झालं १९८७ मध्ये. म्हणजे त्या घरांतले रुग्ण बिनऔषधाचे होते, अंगात विषाणू भरभरून. तुमच्या मावशी गोळ्या घेतायत.

एक अपवाद प्रामाणिकपणे लिहून ठेवतो, कारण कोणीतरी गूगल करून आणेलच. मोठ्यानं आधी स्वतःच्या तोंडात चावून मग बाळाला भरवलेला घास, आणि त्या मोठ्याच्या हिरड्यांतून रक्त येत असताना, अशी लागण झाल्याची मोजकी प्रकरणं अमेरिकेत नोंदली गेली आहेत. घास चावून भरवायची पद्धत असेल तर ती कोणीच ठेवू नये. आजीनंसुद्धा. इतर दहा आजार त्यातून जातात.

---

कडीपत्ता

डॉक्टर, मनापासून आभार. घास चावून कोणी भरवत नाही. ब्राँक्सचं नवऱ्याला वाचून दाखवलं. थोडा विचारात पडलाय.

---

काळा चहा

डॉक्टरांचं ज्ञान मान्य. पण मला सरळ उत्तर द्या, शून्य टक्के म्हणता येतं का? विज्ञानात शून्य नसतं. मग लहान मुलाच्या बाबतीत रिस्क का घ्यायची? बाईंवर अन्याय म्हणत असाल तर दोन महिन्यांचा पगार द्या आणि मोकळे व्हा. मी व्यावहारिक बोलतोय, राग मानू नका.

---

रक्तगट ओ

काळा चहा, राग मानत नाही, उत्तर देतो. मी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. रोज सुया हाताळतो. एचआयव्ही पॉझिटिव्ह माणसाचं रक्त काढलेली, आत रक्त असलेली सुई हातात घुसली तर लागण होण्याची शक्यता जगभर साधारण ०.३ टक्के धरतात. म्हणजे हजार वेळा घुसली तर तीनदा. तीही औषध सुरू केलं नाही तर. ७२ तासांच्या आत, खरं तर पहिल्या काही तासांत, पेपच्या, म्हणजे लागण रोखायच्या, गोळ्या सुरू करून २८ दिवस घेतल्या की धोका आणखी खूप खाली येतो. मला सुई लागलेली आहे, गोळ्या घेतलेल्या आहेत, पोट बिघडलं होतं, बाकी रिपोर्ट निगेटिव्ह.

रक्तानं भरलेली सुई थेट मांसात घुसून हा हिशेब आहे. मग पोळीचा हिशेब मांडायला बसलात तर कागद कोराच राहील. जगात घरगुती स्वयंपाकातून लागण झाल्याचं एकही प्रकरण नाही. चाळीस वर्षं आणि कोट्यवधी रुग्ण झाल्यावरही नाही. याला शून्य म्हणायचं नसेल तर दुसरा शब्द तुम्हीच सुचवा.

आणि मला खरी भीती कशाची वाटते सांगू? हिपॅटायटिस बी ची. तो बाहेर वाळलेल्या रक्तातही आठवडाभर टिकतो आणि सुईतून कितीतरी पटीनं सहज लागतो. त्याची लस आहे, लहान मुलांच्या लसीकरणात मिळते. काळा चहा, तुम्ही स्वतः घेतली आहे का?

---

काळा चहा

नाही घेतली. पण विषय तो नाही.

---

दवाखाना बंद आहे

विषय तोच आहे हो. व्यवहाराचंच बोलू. उद्या या मावशींना काढलं आणि दुसरी बाई लावली. तिची तपासणी झालेली आहे का? तिला स्वतःला तरी माहीत आहे का? तुमच्या हिशेबानं बघायला गेलं तर नियमित गोळ्या घेणारी, व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) सापडत नाही इतका खाली असलेली बाई ही जास्त "सुरक्षित" म्हणायला हवी. माझ्या हिशेबानं दोघींच्या हातची पोळी सारखीच सुरक्षित.

गोळ्यांचा परिणाम किती होतो तेही सांगतो, कारण हे अजून आपल्याकडे झिरपलेलं नाही. नवरा-बायकोत एक पॉझिटिव्ह आणि एक निगेटिव्ह अशा जोडप्यांवर एक मोठा अभ्यास झाला, त्यात पुण्याची भोसरीची नारी ही एड्स संशोधन संस्थाही होती. २०११ मध्ये निकाल आला: लवकर औषध सुरू केलं तर जोडीदाराला लागण होण्याचं प्रमाण ९६ टक्क्यांनी घटलं. पुढे युरोपातल्या अभ्यासांत, ज्यांचा व्हायरल लोड दबलेला आहे अशांकडून कंडोम न वापरताही जोडीदाराला लागण झालेली एकही सापडली नाही. शरीरसंबंधांतून जर लागण होत नाही, तर पापा, कणीक आणि बाथरूम यांवर आपण किती बोलायचं?

---

झोप येत नाही

धागा हायजॅक करत नाही, पण विचारायचं होतं. मागे सलूनमध्ये दाढी करताना कट लागला. ब्लेड नवीन होतं का ते बघितलं नाही. तेव्हापासून झोप उडाली आहे. कितीतरी वेळा टेस्ट केली, निगेटिव्ह. तीन महिने होऊन गेल्यावरची पण निगेटिव्ह. पण वाटतं की लॅबनं चूक केली असेल. मग दुसऱ्या लॅबमध्ये जातो. बसमध्ये सीटवर डाग दिसला तर बसत नाही. पाणीपुरीवाल्याच्या बोटाला पट्टी होती म्हणून तेव्हापासून पाणीपुरी सोडली. घरी कोणाला सांगितलेलं नाही. लग्न ठरतंय.

---

रक्तगट ओ

भाऊ, तीन महिन्यांनंतरची निगेटिव्ह म्हणजे निगेटिव्ह. संपला विषय. आता टेस्ट करू नका. लॅबवाला आहे, धंद्याच्या विरुद्ध बोलतोय, म्हणून तरी ऐका.

---

दवाखाना बंद आहे

झोप येत नाही, तुमच्याशी जरा वेगळं बोलतो. तुम्हाला एचआयव्ही नाही. पण तुम्हाला त्रास आहे, आणि तो खरा आहे. प्रत्येक टेस्टनंतर दोन दिवस बरं वाटतं, मग "पण" सुरू होतो, बरोबर? तो "पण" टेस्टनं जात नाही, उलट दर टेस्टनं पोसला जातो. असे पेशंट माझ्याकडे दर महिन्याला येतात, आणि खऱ्या एचआयव्हीच्या पेशंटपेक्षा जास्त खंगलेले असतात. हा चिंतेचा आजार आहे, मंत्रचळाच्या जवळचा. यावर मानसोपचारतज्ज्ञाकडे चांगले उपाय आहेत, गोळ्याही आहेत आणि बोलून करायचे उपचारही. एकदम जायला संकोच वाटत असेल तर टेली मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. लग्नाआधी हे करा. पाणीपुरीवाल्याच्या पट्टीचं म्हणाल तर हगवणीची भीती बाळगा, ती रास्त आहे.

सलूनमध्ये नवीन ब्लेड मागायचं, दर वेळी. ते सगळ्यांनीच. त्याचं कारण हिपॅटायटिस.

---

मुक्काम पोस्ट

मी इथे फक्त वाचते, लिहीत नाही. आज लिहिते.

मी पॉझिटिव्ह आहे. मालक ट्रकवर होते. ते गेले त्या वर्षी माझी पण तपासणी झाली. तेव्हा सरकारी गोळ्या नव्हत्या, बाहेर विकत घेणं आमच्या ऐपतीत नव्हतं. २००४ ला फुकट गोळ्या सुरू झाल्या, पण आमच्यापर्यंत यायला अजून वेळ लागला. तोवर माझं वजन इतकं उतरलं होतं की सासरी अंगणात बाज टाकून दिली होती. ताट वेगळं. पेला वेगळा, आणि तो चुकून दुसऱ्यांच्यात मिसळू नये म्हणून त्याच्या बुडाला नणंदेनं लाल नेलपॉलिशचा ठिपका लावला होता. घासायचा मीच, पालथा घालायचा मीच, तो ठिपका वर दिसेल असा.

मुलगी माझ्याच हातानं जेवून मोठी झाली. निगेटिव्ह आहे. आता नोकरी करते.

मी आता एका शहरात खानावळीत भाकरी करते. रोज किती लोक जेवतात ते सांगत नाही. मालकिणीला सांगितलेलं नाही. इतकी वर्षं झाली, कोणाला काही झालेलं नाही, होणारही नाही, ते डॉक्टरांनी वर लिहिलंच आहे. हे वाचून तुमच्यातल्या कोणी उद्यापासून खानावळीत जेवायचं सोडलं तर सोडा. पण ज्यांच्या हातचं जेवता त्यांच्यात माझ्यासारखी कोण आहे हे तुम्हाला कळणार नाही, आणि कळून तुम्हाला काही उपयोग पण नाही.

कडीपत्ता ताई, तुमच्या दिरानं जे केलं ते मला सगळ्यात वाईट वाटलं. गोळ्या आणायला जाताना आम्ही तोंडाला ओढणी का बांधतो ते त्याला रोज खिडकीतून दिसत असेल.

---

कडीपत्ता

ताई, काय लिहू कळत नाही. दिराशी बोलणार आहे.

---

काळा कोट

दिराच्या बाबतीत नुसतं बोलण्यावर भागवू नका, त्याला कायदा दाखवा. एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ चा आहे आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. कलम ८ प्रमाणे विश्वासाच्या नात्यातून, म्हणजे उपचार देता देता, जी माहिती हाती आली ती त्या व्यक्तीच्या लेखी संमतीशिवाय फोडता येत नाही. औषध खिडकीवरचा माणूस त्यात येतो. नातेवाइकाच्या काळजीपोटी सांगितलं हे कारण चालत नाही.

कलम ३ भेदभावाचं. "कोणतीही व्यक्ती" असा शब्द आहे, फक्त कंपन्या आणि कारखाने नाहीत. पॉझिटिव्ह आहे या कारणावरून कामावरून काढता येत नाही. काढायचंच असेल तर त्या कामात इतरांना लागणीचा मोठा धोका आहे असं स्वतंत्र डॉक्टरचं लेखी मत लागतं. पोळ्या करण्यासाठी असं मत कोणता डॉक्टर देणार? नोकरी देण्याआधी एचआयव्ही टेस्ट मागणंही चालत नाही. तेव्हा काळा चहा यांचा "दोन महिन्यांचा पगार" वाला तोडगा वाटतो तितका मोकळा करणारा नाही.

मुंबई उच्च न्यायालयानं तर हा कायदा येण्याच्या वीस वर्षं आधी, १९९७ मध्ये, एका रोजंदारी कामगाराच्या प्रकरणात सांगितलं होतं की काम करायला शरीर सक्षम असेल तर नुसत्या पॉझिटिव्ह रिपोर्टवरून काम नाकारता येणार नाही.

---

म्हापशेकार

कायद्याची गोष्ट निघाली म्हणून आमच्या गोव्याची लिहितो. नव्या पिढीला माहीत नसते.

पर्रा गावचा डॉमिनिक डिसोझा. तरुण, धट्टाकट्टा, नियमित रक्तदान करणारा. १९८९ च्या फेब्रुवारीत पोलीस त्याला घेऊन गेले. दान केलेल्या रक्ताची तपासणी झाली होती, ती पॉझिटिव्ह निघालेली, आणि हे त्याला स्वतःला कोणी सांगितलेलं नव्हतं. तेव्हा गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात पॉझिटिव्ह माणसाला वेगळं डांबून ठेवायची तरतूद होती. म्हापशाच्या जुन्या, वापरात नसलेल्या क्षयरोग इस्पितळात त्याला ६४ दिवस ठेवलं, दारावर पहारा. त्याची आई लुसी हायकोर्टात गेली, त्या खटल्याला आजही तिच्याच नावानं ओळखतात. तो सुटला, पण कोर्टानं ती तरतूद काही रद्द केली नाही. नोकरी गेली. १९९२ मध्ये तो वारला. त्याच्या पुढाकारातली पॉझिटिव्ह पीपल ही संस्था त्याच वर्षी उभी राहिली.

सरकारला तेव्हा काय वाटत होतं विचाराल, तर हेच: हवेतून, शिवून, शेजारी बसून होईल. आमच्या घरात तेव्हा मोठी माणसं बाजारात मासे घेताना "त्या बाजूचा आहे का" विचारत. माशांना!

बरं, १९८९ म्हणजे जुनी गोष्ट म्हणाल. २०१४ मध्ये रिवणला १३ पॉझिटिव्ह मुलांना शाळेत बसवायला पालकांनी विरोध केला. पालकांचं म्हणणं मुलं डबा वाटून खातात, खेळताना खरचटतं. कडीपत्तांच्या घरातले प्रश्न आणि ते प्रश्न सारखेच.

---

काळा चहा

म्हापशेकार, शाळेचं उदाहरण दिलंत. पण खेळताना दोघांनाही खरचटलं आणि रक्ताला रक्त लागलं तर? हा प्रश्न मूर्खपणाचा नाही.

---

दवाखाना बंद आहे

मूर्खपणाचा मुळीच नाही, आणि तुम्ही प्रश्न विचारताय याचं मला बरंच वाटतं. खरचटल्यावर रक्त बाहेरच्या दिशेनं येतं आणि गोठतं, आत शोषलं जात नाही. मैदानावर शाळकरी मुलांत अशी लागण झाल्याचं मी कुठेही वाचलेलं नाही, आणि वाचायचं सोडलेलं नाही.

रक्ताला घाबरायचंच तर सुईला घाबरा. २०१८ मध्ये उत्तर प्रदेशात उन्नाव जिल्ह्यात बांगरमऊला एका बोगस डॉक्टरनं तीच सिरिंज फिरवून फिरवून वापरली, कित्येक गावकऱ्यांना लागण झाली. पुढच्याच वर्षी पाकिस्तानात सिंधमधल्या रतोदेरोला शेकडो मुलं पॉझिटिव्ह निघाली. बहुतेक आयांचे रिपोर्ट निगेटिव्ह. पुन्हा तेच, सुया. आपल्याकडे ताप आला की "सुई मारा डॉक्टर" म्हणून हट्ट धरणारे पेशंट आहेत. तीच माणसं पॉझिटिव्ह शेजाऱ्याकडे चहा पीत नाहीत. सुई फोडताना तुमच्या समोर पाकिटातून काढली का ते बघा. जत्रेत गोंदवून घेताना बघा.

---

रक्तगट ओ

+१. आणि रक्तदान करायला घाबरू नका, सुई नवीनच असते. रक्त देऊन एचआयव्ही होत नाही.

---

मंजिरी

मध्येच एक विचारू का? मावशींना आपल्याकडून काही होईल का, याचा कोणी विचार केला नाही. माझ्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याला टीबी झाला तेव्हा डॉक्टरांनी हे बोलून दाखवलं होतं.

---

दवाखाना बंद आहे

शंभर टक्के बरोबर, आणि हे मीच आधी लिहायला हवं होतं. पॉझिटिव्ह माणसाची प्रतिकारशक्ती कमी असेल तर टीबीचा धोका त्याला इतरांपेक्षा कितीतरी जास्त असतो. घरात कोणाला दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर बेडका तपासून घ्या. कांजिण्या आल्या, डोळे आले, तर मावशींना सुट्टी द्या. त्यांच्यासाठी.

कडीपत्ता, तुमच्या सासूबाईंना खोकला वगैरे?

---

कडीपत्ता

सासूबाईंना खोकला आहे खरा, पण तो पावसाळ्यापासूनचा, दम्याचा. दाखवून घेते.

आता खरा पेच. मावशींना सांगायचं का, की आम्हाला कळलंय? नवरा म्हणतो सांगून टाकू, लपवाछपवी नको, आणि आम्ही तुम्हाला काढत नाही असंही सांगू. म्हणजे त्यांनाही बरं वाटेल. मला ते पटतंय आणि पटत नाहीये.

---

काळा कोट

सांगू नका. माहिती तुमच्याकडे आली ती गैरमार्गानं. ती पुढे कोणालाही, अगदी सोसायटीतल्या दुसऱ्या घरी, जिथे त्या काम करतात तिथेही, जाणार नाही एवढं बघा. दिराकडून लेखी नको, पण शब्द घ्या.

---

मंजिरी

मला उलट वाटतं. माझ्याबद्दल कोणाला काही माहीत असेल आणि ते मला माहीत नसेल, तर मला नाही आवडणार. शिवाय डेटॉलचा वास त्यांना येत नसेल असं समजू नका. बायकांना परातीवरून सगळं कळतं.

---

मुक्काम पोस्ट

मंजिरी ताई म्हणतात ते खरं आहे, वास आला असेल. पण सांगू नका. तुम्ही चांगल्या मनानं सांगाल. ती "हो ताई" म्हणेल, हसेल सुद्धा, आणि पुढच्या महिन्यापासून येणार नाही. तिच्या डोक्यात एकच येईल की आता बिल्डिंगला कळलं. मी दोन कामं अशीच सोडलीत. कोणी काढलं नव्हतं.

तिला वाटलं तर ती स्वतः सांगेल. नाही वाटलं तर नाही सांगणार. डेटॉल मात्र बंद करा, आणि एकदम बंद करू नका, तेही कळतं. हळूहळू करा.

---

संपादक मंडळ

या धाग्यावरचे दोन प्रतिसाद काढले आहेत. हॉस्पिटल कोणतं, शहर कोणतं, खानावळ कोणती, असले प्रश्न विचारू नयेत. पुन्हा विचारल्यास आयडी बंद होईल. बाकी चर्चा चालू द्या.

---

झोप येत नाही

१४४१६ ला फोन केला. बाईंनी बराच वेळ ऐकून घेतलं. सिव्हिलच्या मानसोपचार ओपीडीचा वार सांगितला. डॉक्टर, रक्तगट ओ, थँक्यू. अजून एक टेस्ट करावीशी वाटतेय, पण केलेली नाही.

---

काळा चहा

हिपॅटायटिस बी ची लस मोठ्या माणसांना कुठे मिळते? किती डोस असतात?

---

रक्तगट ओ

कुठल्याही फॅमिली डॉक्टरकडे. तीन डोस: आज, एक महिन्यानं, सहा महिन्यांनी. बायकोलाही द्या.

---

कडीपत्ता

सगळ्यांचे आभार. थोडक्यात सांगते. मावशी येतायत. नवऱ्यानं १०९७ या एड्स हेल्पलाइनला फोन करून स्वतःचे प्रश्न विचारले, माझ्यावर विश्वास नव्हता म्हणा किंवा पुरुषाला पुरुषानं सांगितलेलं लागतं म्हणा. त्याचं समाधान झालं. दिराला फोनवर चांगलंच सुनावलं, तो रागावलाय, रागावू दे. सासूबाईंचा मात्र पूर्ण विश्वास बसलेला नाही. डेटॉल एक झाकणावरून अर्ध्यावर आलंय. त्यांचा बेडका तपासायला दिलाय.

एकच विचारायचं राहिलं. मावशी महिन्या-दोन महिन्यांतून एकदा अचानक सुट्टी घेतात. आधी मी चिडायचे. तो गोळ्यांचा दिवस असणार का?

---

मुक्काम पोस्ट

असणार. सेंटरवर सकाळी लवकर जावं लागतं, रांग असते, कधी रक्त घेतात, दुपार होते. कार्डावर तारीख लिहिलेली असते, ती चुकवून चालत नाही. गोळ्यांत खंड पडला की मग सगळंच अवघड होतं. जुन्या पेशंटला कधी कधी दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम देतात, म्हणून दर महिन्याला जाणार नाही.

ती आदल्या दिवशी सांगेल, बँकेचं काम आहे, नाहीतर गावाला जायचंय. कारण विचारू नका आणि त्या दिवसाचा पगार कापू नका. पोळ्या त्या दिवशी सासूबाईंना करू द्या.